दहा रुपयांचं कॉमिक्स, सांगलीतून

आमच्या कॉमिक्सची किंमत गोष्टीच्या आधी ठरली. दहा रुपये. एसटी सुटता सुटता माणूस फारसा विचार न करता जी नोट काढतो, ती. वीस म्हटलं की तो 'येताना बघू' म्हणतो आणि येताना कुणी बघत नाही.

मी लिहितो आणि अक्षरं बसवतो. चित्रं काढणारा मित्र मिरजेजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. आधी आम्ही डिजिटल प्रेसला विचारलं होतं. आर्ट पेपर, ३२ पानं, थोड्या प्रती. एका प्रतीचा भाव ऐकूनच विषय संपला. त्या भावाची पुस्तकं मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांत खपत असतील, तर त्यांना लखलाभ. आम्हाला पलूस, तासगाव, विट्याच्या स्टँडवर जायचं होतं. म्हणजे वर्तमानपत्राचा कागद आणि वर्तमानपत्राचंच मशीन.

कुपवाड एमआयडीसीत असा एक छापखाना मिळाला. रात्री पेपर छापून झाले की दुपारी वेब मशीन, म्हणजे कागदाच्या रिळावर छापणारं, मोकळं असतं. १६ पानी टॅब्लॉइड (पेपरच्या निम्म्या आकाराचं पान), कागद ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला ४५ ग्रॅम), म्हणजे एका अंकाला साधारण ३४ ग्रॅम. किलोत २९ अंक बसतात. कागद साठ रुपये किलो धरला तरी अंकामागे दोन रुपयांच्या आसपास. मशीन सुरू होऊन रंग जागेवर येईपर्यंत काहीशे प्रती रद्दीतच जातात, त्यामुळे हजारभर अंक छापण्यात काही अर्थ नाही; पाच हजारांच्या पुढे हिशोब जमायला लागतो.

टॅब्लॉइडची डमी घेऊन स्टँडवरच्या एका विक्रेत्याकडे गेलो. त्यानं उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ही कुठल्या पेपरची पुरवणी?"

"पुरवणी नाही काका, कॉमिक्स आहे. विकायचंय."

"आसंल. पण पुरवणीला पैसे कोण देतंय?"

या एका वाक्यानं अंकाचा आकार ठरला. तोच कागद, तेवढाच कागद, आणखी एकदा मधोमध दुमडायचा, नव्या घडीवर पिन मारायची आणि बाकीच्या कडा कापायच्या. १६ मोठ्या पानांची ३२ छोटी पानं होतात, प्रत्येक सुमारे १७ बाय २६ सेंटिमीटर. वजन तेच, पण आता ते पुस्तक दिसतं. पिन-कटिंगचा खर्च वाढला आणि तो वसूल झाला. लग्नपत्रिका आणि पावतीबुकं करणाऱ्या बायंडरकडे हे काम दिलं. न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, मऊ असतो, गठ्ठा जाड घेतला की पात्याखाली सरकतो आणि कड तिरकी जाते. त्यामुळे तो बिचारा थोडे थोडे अंक घेऊनच कापतो.

खरी गंमत रंगांची. सगळी पानं चार रंगांत म्हणजे ३२ प्लेटा (छापायचे पत्रे; दर रंगाला वेगळा, एकावर टॅब्लॉइडची दोन पानं). परवडत नव्हतं. वेबवर कागदाचे दोन पट्टे चालतात, प्रत्येकाला दोन बाजू. त्यांतल्या एकाच बाजूला चार रंग दिले आणि बाकी तीन बाजू नुसत्या काळ्या ठेवल्या तर १४ प्लेटांत काम होतं. ती एक बाजू म्हणजे टॅब्लॉइडची १, ८, ९ आणि १६ ही पानं. आमच्या जादा घडीनंतर ती कुठं जातात हे बघायला आम्ही जुना पेपर घेऊन जमिनीवर बसलो, पानांवर आकडे टाकले, दुमडला, फाडला. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ रंगीत आलं, आणि शिवाय ८-९, १६-१७, २४-२५ ही तीन जोडपानं. दर आठ पानांनी एक रंगीत जोडपान! तेव्हापासून मी गोष्ट त्याच बेतानं लिहितो. ७ व्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दार वाजतं, पान उलटलं की रंग.

काळ्या पानांचंही शास्त्र आहे. बारीक करडी छटा इथं चालत नाही. करडा रंग छापताना ठिपक्यांचा होतो आणि ठिपका कागदात पसरतो, पन्नास टक्क्यांचा करडा छापून पंचाहत्तरसारखा दिसतो. म्हणून छटा बंद, नुसत्या रेघा. मित्रानं पहिल्या अंकात रात्रीचा प्रसंग भरभरून काळा केला होता. मशीनवरचे मामा प्लेट बघून म्हणाले, "सर, एवढं काळं वतलं तर समोरच्या पानावर उठतंय बघा." ही शाई उष्णतेनं वाळवत नाहीत, कागदच ती पितो. रात्र मग आभाळात आडव्या रेघा मारून दाखवली, आणि ती जास्त चांगली दिसली असं माझं मत. मित्राचं नाही.

अक्षरांवर मात्र मी कुणाचं ऐकत नाही. मराठीत वरखाली मात्रा-उकार असतात, ओळींत जागा सोडावीच लागते. इंग्रजी कॉमिक्सच्या मापाचा संवादाचा फुगा घेतला तर वाक्य त्यात मावत नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं तर नकोतच, 'क्ष'चं पोट शाईनं भरतं. अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर, नाहीतर रंग जरा सरकला की वाचणाऱ्याचे डोळे फिरतात.

पहिली गोष्ट पुराची होती. सांगलीत कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका हे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे, त्यामुळे प्रत्येक प्रसंगात कोपऱ्यात पाण्याचा आकडा टाकला आणि वेगळं घड्याळ लागलंच नाही. नायक हळदीच्या अडतीवरचा हमाल. 'सांगलीतून छापलेलं कोण वाचणार' असं म्हणणारे भेटले. त्यांना मी किर्लोस्करवाडी दाखवतो. याच जिल्ह्यातल्या त्या कारखान्याच्या वसाहतीतून १९२० पासून मासिकं निघाली आणि महाराष्ट्रभर वाचली गेली.

नोंदणी नियमानं करावी लागते. १ मार्च २०२४ पासून १८६७ चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांचा नवा कायदा आला, अर्ज ऑनलाइन. अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादकाचं नाव नीट छापा.

विक्रीत दहातले तीन रुपये विक्रेत्याचे. पहाटे पेपरच्या गठ्ठ्यांबरोबर अंक जातात, न खपलेले अंक आठवड्यानं परत. सगळ्यांत जास्त वाचक सलूनमध्ये. अंक एक, वाचणारे वीस, पैसे दहाच! तरी मला ते चालतं, कारण नंबर लागेपर्यंत वाचलेला माणूस पुढचा अंक मागतो. किराणा दुकानांत दोरीला चिमट्यानं लटकवले तर बरे जातात, पण दुकानदाराला दर वेळी आठवण करावी लागते.

मलपृष्ठ रंगीत असल्यामुळे जाहिरातीला भाव येतो. ठिबकचं दुकान चालवणारे एक दादा प्लेटांचा खर्च उचलायला तयार झाले, फक्त आमच्या हमालानं आतल्या पानांत त्यांच्या पाईपनं पाणी सोडायचं, अशी अट. पुराच्या गोष्टीत? शेवटी मलपृष्ठावर त्यांच्या दुकानाची सहा चौकटींची वेगळी चित्रकथा काढून दिली. पैसे चित्रांचेही घेतले.