स्लॅब देखणा, पण कॅबोशॉन निघेल का?

जास्पर या रंगीत, अपारदर्शक दगडाचा पहिला स्लॅब, म्हणजे कापलेली चपटी फरशी, मी फोटो बघून मागवला. त्यातून कॅबोशॉन, म्हणजे तळाशी सपाट आणि वर घुमटासारखा घासलेला खडा, करायचा होता. विटकरी रंग, मधून पिवळसर डोंगररांगा, वर धुरकट आभाळ. कोथरूडच्या घरी खोकं उघडून पाहते तर डोंगर गायब, हातात मातकट फरशीचा तुकडा! नळाखाली धरला तेव्हा डोंगर परत हजर झाले. फोटो ओल्या दगडाचा होता.

तशी ती लबाडी नव्हे. पॉलिशनंतर जास्पर ओल्यासारखाच दिसतो. माझी फजिती पुढे झाली. मधोमध ४० बाय ३० मिलिमीटरचा लंबगोल आखला, कापला, लाखेने काडीवर चिकटवला. घासायच्या २२० नंबरच्या चाकावर त्याची दोन शकलं होऊन एक बादलीत पडलं. आत केसाएवढी चीर होती.

पुढची खरेदी रविवार पेठेत, हातात घेऊन करायची ठरवली. दुकानातल्या काकांनी पहिलीच गोष्ट सांगितली, "ताई, ओला काय बघता, वाळताना बघा." त्यांनी स्लॅब पाण्यात बुडवून फडक्याने टिपला आणि उजेडात धरला. वरचं पाणी भराभर उडालं, पण चिरेत मुरलेलं मागे राहिलं. एक काळी रेघ, आडवी, काठापासून काठापर्यंत. तो स्लॅब मी जवळजवळ घेतलाच होता.

मग मी पर्समधून दाभण काढलं. जास्परचा कठीणपणा मोह्स मापावर साडेसहा ते सात, पोलादाच्या वरचा. चांगल्या दगडावर दाभणाची करडी रेघ उमटते नि बोटाने पुसली जाते. पिवळ्या पट्ट्यात ओरखडा पडला, तर तो भाग मऊ. पॉलिश करताना तिथला दगड आधी झिजतो आणि खळगा पडतो. मग सिरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची पावडर, कितीही घासा.

सगळ्यात उपयोगी पडली ती एक जुनी लग्नपत्रिका. तिच्यात ३० बाय २२ चा लंबगोल कापून खिडकी केली होती. ती स्लॅबवर सरकवत गेलं की भ्रम फिटतो. तळहाताएवढ्या स्लॅबवरचं भव्य निसर्गचित्र खिडकीत आलं की नुसता तपकिरी ठिपका उरतो. उलट ज्याच्याकडे मी वळूनही पाहिलं नव्हतं, त्या बारीक वर्तुळांच्या स्लॅबवर चार खिडक्या मिळाल्या.

दुसरी बाजू बघायचीच. पट्टा सरळ आरपार गेला असेल तर ठीक. तिरका असेल तर घुमट देताना कडेचा दगड दोन-तीन मिलिमीटर उतरतो, खालचा थर वर येतो आणि मधोमध पकडलेला डोंगर एका कडेला घसरतो. जाडी सगळीकडे सहा मिलिमीटर हवी. एका टोकाला चार असेल तर घुमट बसका होतो.

नावांवर मात्र फार जाऊ नये. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला 'डाल्मेशियन जास्पर' मुळात जास्परच नाही, तो अग्निजन्य खडक आहे. आणि हो, "वाघोलीच्या खाणीतला का?" असं मला हमखास विचारतात. तिथला कॅव्हन्साइट निळा, सुंदर, पण तो स्फटिक म्हणून कपाटात ठेवायचा, चाकावर धरायचा नव्हे.

दोन तासांत पंचवीसेक स्लॅब पाहून तीन घेतले. बाहेर उभे असलेले अहो म्हणाले, "एवढ्यात साडी ठरली असती."

घरी आखणी अॅल्युमिनियमच्या विणायच्या सुईने केली, कारण पेन्सिल पाण्यात धुऊन जाते. आणि पाणी बंद ठेवून घासायचं नाही, ती धूळ फुफ्फुसांना घातक असते. गाळही मोरीत सोडू नका. प्लंबरला बोलवावं लागलंय.

पहिल्या स्लॅबचा उरलेला तुकडा बेसिनवर ठेवलाय. तोंड धुताना पाणी उडतं, तेवढ्यापुरते डोंगर दिसतात.