यीस्ट न फोडता काढलेला टीआरएनए

मला यीस्टमधून टीआरएनए काढायचा होता, म्हणजे प्रथिनं बनताना अमिनो आम्लं आणून देणारा छोटासा आरएनए. पहिल्या खेपेला मी यीस्टच्या पेशी काचेच्या मण्यांसोबत दणादण हलवून फोडल्या. आतलं काही हवं असेल तर आधी भिंत फोडायची, एवढंच डोक्यात होतं. हाती आला चिकट द्रव, पिपेटच्या टोकाशी एकतारी पाकासारखा लोंबणारा. तो डीएनए. रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर तर वरपासून खालपर्यंत नुसता फराटा.

प्रयोगशाळेतल्या मॅडम बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्याच. जेल पाहून म्हणाल्या, "अगं, फोडतेस कशाला त्यांना? फिनॉलला त्याचं काम करू दे."

तिथे मला खरी गोष्ट कळली. फिनॉलनं पेशीचं पटल विस्कटतं, पण बाहेरची भिंत उभीच राहते. टीआरएनए जेमतेम 75 ते 90 न्यूक्लिओटाइडांचा (म्हणजे साखळीतल्या कड्यांचा), तो झिरपून बाहेर येतो. रायबोसोमचे लांबलचक आरएनए आणि डीएनए बहुतांशी आतच अडकून राहतात. भिंतच चाळणी होते!

मग बेकरीत वापरतात ते ओलं यीस्ट 100 ग्रॅम आणलं, बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) कालवलं, तेवढंच पाण्यानं संपृक्त केलेलं फिनॉल घालून तासभर हलवत ठेवलं. (फिनॉल अंगावर पडलं तर आधी ती जागा बधिर होते, म्हणून भाजल्याचं उशिरा कळतं. हातमोजे काढूच नका.) सेंट्रीफ्यूजनंतर वरचं पाणी अलगद उचललं, सोडियम ॲसिटेट आणि अडीचपट इथेनॉल घालून रात्रभर उणे 20 ला ठेवलं. सकाळी तळाशी पांढरा साका.

बडोद्याच्या मे महिन्यात सगळ्यात भीती घामेजल्या हातांची, कारण त्वचेवरचं आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, उकळूनही मरत नाही. आरएनेज निकामी करणारं डीईपीसी हे रसायन थेट ट्रिस बफरमध्ये घालू नका, ट्रिसच त्याला खाऊन टाकतं. आधी पाण्यात घाला, ऑटोक्लेव्ह करा, मग त्यात ट्रिस विरघळवा.

पुढे डीईएई-सेल्युलोजचा कॉलम, म्हणजे आरएनए धरून ठेवणाऱ्या सेल्युलोजनं भरलेली नळी. कमी मिठात धुतला, 1 मोलर मिठाच्या बफरनं टीआरएनए उतरवला.

अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट हॉली यांनी 140 किलो यीस्टमधून ॲलनिन या अमिनो आम्लाचा शुद्ध टीआरएनए काढला, फक्त 1 ग्रॅम. 1965 मध्ये त्याचा क्रम छापून आला, 1968 मध्ये खोराना आणि नीरेनबर्ग यांच्यासोबत नोबेल मिळालं. माझ्या नळीत अजून सगळ्या टीआरएनएंचं मिश्रणच आहे, तरी तो आकडा आठवून हात जपून चालतात.

260 आणि 280 नॅनोमीटरच्या प्रकाशातल्या वाचनांचं गुणोत्तर 2.0 आलं, म्हणजे प्रथिनं जवळपास उरली नाहीत. या खेपेच्या जेलवर फराटा नाही. खाली टीआरएनएचा एक ठसठशीत पट्टा, त्याच्या वर 5एस आरएनएची (रायबोसोमच्या छोट्या आरएनएची) फिकट रेघ. ती तेवढी घालवायची राहिली आहे.