दसऱ्यानंतरचे सात दिवस

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती गेले. बेळगावात विसर्जन म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत कपिलेश्वर तलावाकडे गाडे सरकतच असतात, त्यामुळे कालचा रविवार गल्लीनं झोपून काढला आणि आज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर बैठक बसली. विषय एकच, दसरा झाला की आठवडाभर डोंगरात जायचं.

हा विषय दरवर्षी निघतो आणि हिमाचलच्या तिकिटांपाशी येऊन विरतो. यंदाही भाच्यानं पहिलं नाव मनालीचंच घेतलं. सुट्टी सात दिवसांची, त्यातले निम्मे रेल्वेत जाणार. मग शेजारच्या दादांनी दांडेलीचं राफ्टिंग, दूधसागर, आंबोली, पारगड, भीमगड, चोर्ला, गोकाकचा धबधबा असं सगळं एका दमात मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र त्यात गाडीच्या खिडकीशिवाय काही दिसेना.

माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. आमच्या नळाला येतं ते पाणी राकसकोपचं आणि हिडकलचं. राकसकोप मार्कंडेय नदीवर, हिडकल घटप्रभेवर. पश्चिमेच्या ज्या डोंगरात तो पाऊस पडतो, तो डोंगर आम्ही गोव्याला जाताना तेवढा बघतो, तोही डुलक्या घेत. म्हटलं, आपलं पाणी जिथं उगवतं तिकडंच सात दिवस चालूया. आंबोलीपासून सुरू करू, कणकुंबीला संपवू.

कोणी काही बोललं नाही. मग आतून आत्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "होय की. मी येतो बघ."

१३ सप्टेंबर, शनिवार

आज नकाशा जमिनीवर पसरून बसलो. बोट ठेवत गेलं की कळतं, आपण केवढ्या मोठ्या कण्याच्या कडेला राहतो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगवलेली मलप्रभा पूर्वेला निघते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात उगवणारी म्हादई उलट्या दिशेनं गोव्यात उतरते, तिकडं तिला मांडवी म्हणतात, आणि पणजीपाशी ती अरबी समुद्राला मिळते. या दोन उगमांच्या मधल्या माळावर पडणारा पाऊस वाऱ्याच्या एका झोताबरोबर समुद्र बदलत असेल. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्यानं मोबाईल खाली ठेवला.

मग कापाकापी. दांडेली पहिली गेली. काळी नदीतलं राफ्टिंग सुपा धरणातून किती पाणी सोडतात त्यावर, आणि दिवस जाण्यायेण्यातच सरतो. दूधसागर ३१० मीटर उंच, बघावा असाच आहे, पण पोरांना कॅसलरॉकहून रुळावरून चालत जायचं होतं. रुळावरून चालायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायलाही जागा नसते. गोकाकला काय, कुठल्याही रविवारी जाता येतं.

भीमगडावर काट मारताना मात्र हात जड झाला. २०११ पासून ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. दादा म्हणाले, अर्ज करून बघूया. मी नको म्हटलं. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडलेली जात. किती तरी वर्षं तर तिचं घर म्हणून ही एकच जागा माहीत होती. परवानगी मिळाली तरी अकरा जणांनी बॅटऱ्या घेऊन त्या गुहेच्या आसपास फिरणं मला पटत नाही. कडेच्या रस्त्यावरून जंगल बघू, तेवढं आपल्याला बास.

उरलं ते असं. शनिवार-रविवार आंबोली, हिरण्यकेशीचा उगम आणि आसपासचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळाची सपाट माळरानं. सोमवारी पारगड. त्या रात्री कोजागरी आहे, म्हणून मुक्काम गडावरच. बुधवारी राकसकोप आणि मार्कंडेयचा वरचा भाग. गुरुवारी कणकुंबी. शुक्रवारी हब्बनहट्टीच्या मारुतीचं दर्शन घेऊन घर.

मंगळवार मी रिकामा ठेवला. यावरून वाद झाला, बराच झाला. "पैसे भरून रिकामं बसायचं?" असं दादांचं म्हणणं. माझं म्हणणं, पाऊस लागला, कोणाचा पाय मुरगळला, रस्त्यावर झाड पडलं, तर तो दिवस कुठून आणायचा? सात दिवसांत सात ठिकाणं कोंबली की पहिल्या अडचणीला सगळा आठवडा घसरतो आणि मग माणसं एकमेकांवर चिडतात. काहीच झालं नाही तर पारगडावर बसू. गडावर वस्ती आहे. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा याला शिवाजी महाराजांनी तिथं किल्लेदार नेमलं, आणि त्या घराण्याची माणसं अजून गडावर राहतात. अशा ठिकाणी एक दिवस बसायला काय हरकत आहे?

मंगळवार रिकामा राहिला. मतदान घ्यावं लागलं, पण राहिला.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावास्या. सकाळी घरचं सगळं आटपून दुपारनंतर आत्यांना घेऊन राजहंसगडावर गेलो. सराव म्हणून.

आत्या बासष्ट वर्षांच्या. त्यांनी येऊ नये असं तोंडावर कोणी म्हणत नाही, पण "गुडघ्याचं बघा", "गाडीत बसून राहिल्या तरी चालेल" असं चालू असतं. आज त्या येळ्ळूरच्या बाजूनं गड चढल्या. हळू चढल्या. दर वळणावर थांबायच्या, पाण्याचा घोट घ्यायच्या, खालची भाताची खाचरं बघायच्या, मग पुढचं पाऊल. वर पोचल्यावर त्यांचा श्वास माझ्यापेक्षा लवकर जाग्यावर आला.

चालण्याच्या वेळेचा एक जुना हिशेब आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो १८९२ मध्ये मांडला. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो हिशेब धडधाकट, एकट्या, कोरड्या वाटेवरच्या माणसाचा. पावसाळ्यानंतर आपल्याकडं शेवाळलेला कातळ असतो, गुडघाभर गवत असतं, जळवा काढायला थांबावं लागतं. म्हणून मी प्रत्येक दिवसाचं चालणं आजच्या आत्यांच्या गतीनं पुन्हा मांडलं. आंबोलीच्या रविवारचा तर अर्धा पल्ला उडाला.

पोरं कुरकुरतील, कुरकुरू देत. सगळ्यात मागच्या माणसाची गती हीच गटाची गती. पुढं पळालेले वर जाऊन अर्धा तास बसतात, आणि मागचा पोचला की लगेच उठतात. ज्याला विसावा हवा त्यालाच तो मिळत नाही. आमच्यात आत्या सगळ्यात पुढं चालतील, बाकीचे त्यांच्या मागं. शेपटीला भाचा आणि मी.

२४ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरबाई औषधांची पेटी घेऊन आल्या. त्याही येणार आहेत, त्यामुळे घरच्यांची निम्मी काळजी मिटली.

सापांचं बोलणं झालं. सरकारी दवाखान्यात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरची. आंबोली-चोर्ल्याच्या झाडोऱ्यात जो हिरवा-तपकिरी चापडा फांदीवर वेटोळं करून बसतो, त्याच्या विषावर ती चालत नाही. चापड्यानं माणूस सहसा दगावत नाही, पण सूज आणि कळा जबर असतात, दवाखाना गाठावाच लागतो. बाईंनी सगळ्यांकडून वदवून घेतलं. करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि निघायचं. आंबोलीहून सावंतवाडी, पारगडावरून चंदगड, कणकुंबीहून खानापूर नाहीतर सरळ बेळगाव. हे मी जाड अक्षरात लिहून पिकअपच्या काचेला चिकटवणार आहे.

जळवांवर उपाय निपाणीहून आला. आमच्या वहिनींचं माहेर निपाणीचं, तिथं घरात तंबाखू नाही असं होत नाही. भावानं पिशवीभर चुरा पाठवला. परातीत कोमट पाणी घेऊन त्यात चुरा कालवला. पाणी आधी चहासारखं, मग काळपट होत गेलं, आणि नाकात असा ठसका बसला की मांजर उठून परसात गेलं. लांब मोजे त्यात बुडवले, पिळले, दोरीवर टाकले. संध्याकाळपर्यंत ते कडक होऊन उभे राहायला लागले. डॉक्टरबाईंनी मात्र मध्येच थांबवलं. तंबाखूचा अंश ओल्या कातडीतून अंगात उतरतो, गरगरतं, उलट्या होतात. म्हणून आत साधा मोजा आणि त्यावर हा. आत्यांना आणि दम्यावाल्या काकांना तोही नको, त्यांना मीठ-चुन्याची पुरचुंडी.

विजांबद्दल मी बोलले. हस्ताचा पाऊस आता दोन-तीन दिवसांत. सकाळ लख्ख, दुपारी ढग चढतात आणि सड्यावर सगळ्यात उंच आपणच असतो. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये घातलं, पण रेंज नसली तर ॲप काय करणार? म्हणून नियम साधा ठेवला. पहाटे निघायचं, दोनच्या आत सडा सोडायचा. गडगडलं तर खाली उतरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. छत्री उघडायची नाही, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

भाच्याच्या गाडीवर बसून कणकुंबीला जाऊन आले. जेवणाचं आणि झोपायचं ठरवायचं होतं.

जांबोटी सोडली की हवा बदलते. रस्त्याच्या दोन्ही बाजूला भात पोटरीतनं बाहेर पडलेलं, काही खाचरं पिवळी पडायला लागलेली. कणकुंबीच्या पुढं कातळावर तेरडा आणि सोनकी होती. सोनकीचं फूल जवळून बघितलं तर पाकळ्या इतक्या पातळ की पलीकडच्या बोटाची सावली दिसते. सकाळचं दव त्यावर तसंच होतं. आमच्या अकरा जणांची बावीस पावलं इथं पडणार. म्हणून सड्यावर मळलेली पाऊलवाट सोडायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही, हा नियम तिथंच उभं राहून यादीत घातला.

ज्या घरी जेवण सांगितलं त्या वहिनींनी स्वच्छ सांगितलं, "भात, आमटी, नाचण्याची भाकरी, भाजी काय असंल ती. चालतंय?" धावतंय म्हटलं. दर माणशी पैसे ठरवताना त्या लाजल्या, मी नाही लाजले. शहरातली माणसं डोंगरात जाऊन फुकट पाहुणचार घेतात आणि परत येऊन त्याचं कौतुक सांगतात, ते मला सहन होत नाही. जेवणाचे, वाटाड्याचे, झोपायच्या जागेचे पैसे आधी ठरले, निम्मे आजच दिले.

वाटाड्या म्हणजे त्यांचे दीर. त्यांनी अडचण सांगितली. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात दसऱ्याच्या पुढंमागंच कापायला येतं, त्यामुळे पहाटे निघणं त्यांना जमणार नाही, नऊनंतर येतील. म्हणजे गुरुवारचं पहाटेचं निघणं गेलं. आम्ही त्या दिवसाचा चढच काढून टाकला. त्यांनी कापणी सोडून आमच्या मागं यावं असं कसं म्हणू? दुसरं त्यांनी सांगितलं ते हत्तीचं. दांडेलीच्या जंगलातून हत्ती या पट्ट्यात येतात, पुढं चंदगड-दोडामार्गाकडंही जातात. भात पिकलं की रात्री राखण असते. "दिवस मावळला की घरात. बॅटरी घेऊन फिरायचं नाही," ते म्हणाले. पोरांनी तंबूचा हट्ट धरला होता, तो इथं मिटला. झोपायचं छपराखाली.

परत येताना पाऊस आला, धो-धो. जांबोटीला एका चहाच्या टपरीत अर्धा-पाऊण तास उभे राहिलो. टपरीवाले म्हणाले, "हत्तीचा पाऊस हो, असाच मारतोय. पुढच्या आठवड्यात कमी होईल." होईलच असं मी धरून चाललेली नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सकाळी दुर्गामाता दौड बघायला लहान-मोठे सगळे. दुपारी सोनं वाटायला घरोघर गेले तेव्हा प्रत्येकाच्या हातात आपट्याच्या पानाबरोबर आठवड्याचा कागदही दिला.

खाण्याचं तयार आहे. ज्वारीच्या कडक भाकऱ्या चार कापडांत बांधल्या, त्या आठवडाभर टिकतात. शेंगाचटणी, गूळ, भडंग, आत्यांच्या हातच्या दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या. कोजागरीचं दूध पारगडावरच घेणार, तसा निरोप गेलाय. मसाला वहिनींनी कुटला. दादांनी बदाम आणले आणि हळूच विचारलं, मंगळवारी गडावर बुद्धिबळ आणलं तर चालेल का. न्या म्हटलं.

एकाच गोष्टीचा निर्णय राहिलाय. पावसानं जोर धरला तर आंबोली सोडून उलट्या टोकानं सुरुवात करायची का? आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तिथं उघडीप शेवटीच येते. कणकुंबीच्या वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, शनिवारी आलात तरी भाकरी आहे. पण मग कोजागरी पारगडावर होणार नाही. उद्या संध्याकाळी आकाश बघून सातला सगळ्यांना फोन करायचा.

पिकअपवाल्या मामांना मात्र आत्ताच सांगून टाकते, पहाटे साडेपाचला या. सहाला म्हटलं की साडेसहा होतात.