काल रात्री लॅव्हेंडर टाऊन

काल रात्री पावसात लाईट गेली. ताई चार दिवस राहायला आलीय, भाचा माझ्या खोलीत झोपतोय. मोबाईलवर पोकेमॉनचा जुना गेम खेळत बसलेला, आणि एकदम इअरफोन कानातनं उपसून मुठीत दाबून धरला. म्हणाला, मामा हे नगं ऐकूस, हे ऐकून पोरं मरत्यात. मुठीतनं बारीक टीं टीं येत होतं, तेवढ्यावरनंच कळलं, गेममधलं लॅव्हेंडर टाऊन हे गाव आलंय.

मलापण ही गोष्ट रंकाळ्यावर भेळ खाताना मित्रानं सांगितलेली. १९९६ ला जपानमध्ये गेम आला, लॅव्हेंडर टाऊनच्या म्युझिकमध्ये फक्त लहान पोरांनाच ऐकू येईल असा उंच सूर होता, शंभरावर पोरांनी जीव दिला, मग कंपनीनं गुपचूप तो सूर काढला. ही गोष्ट ऐकली तेव्हा मी कॉलेजला होतो तरी आठवडाभर रात्री इअरफोन घातला नव्हता. असं काहीच झालेलं नाही. झालेलं ते वेगळंच, १६ डिसेंबर १९९७ ला टीव्हीवर पोकेमॉनच्या कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड भराभर लुकलुकला आणि ६०० च्या वर माणसं, बहुतेक पोरंच, दवाखान्यात गेली. त्यात कोण मेलं नाही. आणि कारण उजेड होता, सूर नव्हे. मला वाटतं हीच बातमी फिरत फिरत ह्या गाण्याला चिकटली.

पण गाणं अंगावर येतं हे खरंच आहे. बाबांच्या पेटीवर एकदा काढून बघितलेलं, सुरुवातीचे चार सूर म्हणजे सा, प, नि आणि तीव्र म, बस्स. तेच गोल गोल फिरत राहतात, सा वर येऊन टेकायच्या आधीच तीव्र म बोचतो, आणि खालनं दुसरी चाल येते ती वरच्याशी जुळतच नाही. गेमचा संगीतकार जुनिची मासुदानं गेम बॉयच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या त्या जुन्या मशीनच्या, चारच आवाजांत हे बसवलंय, लई मोठं काम आहे ते.

भाच्याला म्हटलं, ह्या गावात मेलेल्या पोकेमॉनचा सात मजली मनोरा आहे, वरती जे भूत वाट अडवतंय ते क्यूबोन नावाच्या पोकेमॉनची आई आहे. पिल्लाला सोडून पळताना नाही रे, टीम रॉकेटच्या, म्हणजे गेममधल्या गुंडांच्या तावडीतनं सुटताना मेली ती. आपण जीव देणाऱ्या पोरांच्या खोट्या गोष्टी सांगत बसलो आणि ही आई गेममध्येच होती, हिचं कोण बोललंच नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मग आता तिला मारायचं?

हरवायचं, मग ती शांत होऊन जाते, असं सांगितलं. त्यानं एक इअरफोन माझ्या कानात घातला, एक स्वतःच्या, आणि जिना चढायला लागला.