काजव्यांच्या दिवसांत भंडारदरा: टपावरचा लाइट बार घेऊ नका

निकाल आधीच सांगते, कारण पुढचं वाचायला सगळ्यांना वेळ नसतो. मेअखेर-जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गाडी घेऊन जाणार असाल, तर टपावर बसवायच्या एलईडी बारवर एक रुपयाही घालू नका. त्यापेक्षा बंपरखाली फॉग लॅम्पची बरी जोडी, मागे एक छोटा फ्लड (उजेड रुंद पसरवणारा दिवा) आणि हेडलाइटची धड वायरिंग करून घ्या. आम्हाला दुकानदाराने बरोबर उलटं सांगितलं होतं, आणि त्याचे साडेसहा हजार, शिवाय फिटिंगचे पंधराशे घेतले.

रतनगड, सांदण दरी, अमृतेश्वराचं देऊळ यांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते वाचा. सगळं छान आहे. मी लिहिणार आहे ते साम्रद ते घाटघर या पट्ट्याबद्दल, कारण घरी येऊन इतके दिवस झाले तरी डोळे मिटले की मला तोच दिसतो.

भंडारदऱ्याच्या जलाशयाला पूर्ण फेरी मारता येते. धरणाजवळच्या शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद करत घाटघर, आणि तिथून उडदावणे, पांजरे, मुरशेतवरून परत शेंडी. दिवसा ही फेरी म्हणजे सहल. आमचा मुक्काम पांजऱ्याच्या बाजूला होता, पण देऊळ बघायचं म्हणून आम्ही रतनवाडीकडून निघालो आणि तिथे अंधार पडला. घाटघर सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे. खालून कोकणातली ओली हवा सरळ वर चढते. पाऊस नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) इतरत्र पोचलेला नसतो तेव्हाही इथे धुकं दाटून बसलेलं असतं. वळवाची एक सर झाली होती, रस्ता ओला होता. साम्रद सोडलं आणि समोरचं सगळं पांढरं झालं.

मी मोठ्या उत्साहाने बार लावला. काचेसमोर कोणीतरी चुन्याची भिंत उभी करावी तसं झालं. रस्ता गेला, कडेचं गवत गेलं, वर बॉनेट इतकं चकाकायला लागलं की डोळे आपोआप बारीक झाले. समोरून मोटरसायकलवर एक माणूस येत होता, तो दहा-पंधरा फुटांवर येईपर्यंत मला दिसलाच नाही. तो थांबला, हाताने डोळे झाकून ओरडला, "ओ शेट, मारा बंद!" मी काच खाली केल्यावर आवाज जरा उतरला. "ताई, ती टपावरची बत्ती बंद करा की आधी. मला तर काहीच दिसंना, तुम्हाला तरी काय दिसतंय?" मला काहीही दिसत नव्हतं.

बार बंद केला, हेडलाइट डिपरवर आणले, आणि पंधरा-वीस फूट रस्ता परत दिसायला लागला. यामागे काही जादू नाही. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, ते प्रकाश सगळीकडे फेकतात आणि त्यातला बराचसा आल्या वाटेने मागे येतो. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका तो परतीचा प्रकाश थेट डोळ्यांत. टपावरचा बार ड्रायव्हरच्या डोक्यापासून जेमतेम दीड फुटावर असतो. फॉग लॅम्प बंपरखाली बसवतात तो शोभेसाठी नव्हे, तर त्याचा झोत डोळ्यांच्या रेषेपासून दूर राहावा, जमिनीलगत पसरावा आणि वर जाऊच नये म्हणून. त्यामुळे वॉटच्या आधी उंची विचारा. दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण फॉग लॅम्पची जोडी स्वस्त पडते.

पिवळ्याचंही ऐकून ठेवा. पिवळा प्रकाश धुकं भेदून जातो, असं आमचा दुकानदार छातीठोकपणे सांगत होता आणि त्याचे वेगळे पैसे मागत होता. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्याला पिवळा आणि पांढरा सारखेच. फरक पडतो तो डोळ्यांना. ३००० केल्विनचा पिवळसर दिवा कमी टोचतो, ६००० केल्विनचा निळसर पांढरा जास्त. म्हणून पिवळा घ्या, जरूर घ्या, पण चुकीच्या उंचीवरचा पिवळा दिवाही तितकाच निरुपयोगी.

पुढचा टप्पा आम्ही असा काढला. आतेभाऊ टॉर्च घेऊन गाडीच्या डाव्या बाजूने पुढे चालत होता. त्याने हेडलॅम्प कपाळावर लावला होता, तर त्यालाही तीच पांढरी भिंत. तो काढून हातात, गुडघ्याच्या खाली धरला तेव्हा कुठे त्याला डांबराची कड दिसली. ती कड काही ठिकाणी पाण्याने खाल्लेली होती, चाक गेलं असतं तर गाडी तिथेच आडवी. काच पूर्ण खाली, गाणी बंद, पहिला गिअर. हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात की चालताय ते कळत नाही आणि वळायचा इशाराही देता येत नाही. एका ठिकाणी समोरून पिकअप आला आणि मला मागे घ्यावं लागलं. रिव्हर्सचा २१ वॉटचा बल्ब चिखलाने माखलेला, मागे दरी आहे की बांध तेही समजेना. त्या दोन मिनिटांत ठरवलं, मागे १८ वॉटचा छोटा फ्लड बसवायचाच, वेगळ्या बटणावर. आता बसवलाय. सगळ्या दिव्यांत सर्वांत कामाचा तोच. तंबू लावताना, डिकीतलं सामान काढतानाही तोच लागतो.

आता फिटिंगबद्दल, कारण खरी फसवणूक तिथे आहे. मुक्कामी पोचेपर्यंत हेडलाइटच मंद वाटायला लागले होते आणि बॉनेटखालून जळक्या टेपचा वास येत होता. सकाळी राजूरला एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं आणि काही न बोलता नुसतं बोट दाखवलं. दुकानदाराच्या पोराने हेडलाइटच्या वायरी सोलून, त्यांना बारच्या वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. रिले (छोट्या बटणाने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, फ्यूज नाही. टेप वितळून चिकट झाली होती, आत तांबं काळं पडलं होतं. बॅटरीवर १३.५ व्होल्ट, हेडलाइटच्या बल्बला पोचत होते १२. दीड व्होल्टने काय होतं, असं मलाही वाटलं. पण हॅलोजनचं गणित वाईट असतं, दहा टक्के व्होल्टेज पडलं की जवळजवळ तीस टक्के उजेड जातो. म्हणजे पैसे मोजून मी माझ्या चांगल्या हेडलाइटचा एक तृतीयांश उजेड घालवला होता.

मग त्याने बारला मीटर लावला. खोक्यावर १८० वॉट आणि १८००० लुमेन (उजेडाचं माप) छापलेलं. मीटरवर ३.२ अँपिअर. १३.५ ने गुणा, ४३ वॉट. चांगली एलईडी वॉटला शंभरेक लुमेन देते, म्हणजे फार तर चार हजार लुमेन. तुलनेसाठी, हेडलाइटच्या साध्या एच४ हॅलोजन बल्बचा अप्पर सुमारे १६५० आणि डिपर सुमारे १००० लुमेनचा असतो, प्रत्येक बल्बमागे. दिवा घेताना दुकानातच बॅटरीला लावून अँपिअर मोजायला सांगा. नाही म्हणाला तर उठून या.

राजूरवाल्याने जोड कापून नीट क्रिंप केले (दाबून घट्ट बसवले), ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले टाकला, बॅटरीजवळ फ्यूज बसवला आणि सगळ्याचे साडेचारशे घेतले. तुम्ही करून घेताना एवढं बघा: रिलेची ३० नंबरची पिन फ्यूजमधून थेट बॅटरीला, ८७ दिव्याला, ८५ आणि ८६ मध्ये बटण आणि अर्थिंग. फ्यूज दिव्याजवळ नको, बॅटरीजवळ हवा, नाहीतर मधली वायर बॉडीला घासून उघडी पडली की आग. १०-१५ अँपिअरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या. सोबत आलेली दोरीसारखी बारीक वायर फेकून द्या.

आणि पैसे घालण्याआधी फुकटचे उपाय करा. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. डिकीत तंबू, पाणी, सिलिंडर भरलं की गाडी मागे बसते आणि झोत वर जातो. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं छोटं चक्र असतं, ते आयुष्यात कोणी फिरवत नाही. भरल्या गाडीत फिरवा. हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब मात्र नकोत. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेप्रमाणे बनवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी नेमकी बसत नाही, उजेड इकडेतिकडे सांडतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. टपावरचा बार हमरस्त्यावर लावलात तर पोलीस दंड करतात, आणि बरोबर करतात.

मुक्कामाचं थोडक्यात. आमच्या कॅम्पवाल्याने माणशी पैसे घेतले, वर चार्जिंगचे वेगळे शंभर लावले, आणि काजव्यांच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर मोठा पांढरा फ्लड रात्री अकरापर्यंत चालू ठेवला. काजव्याचा नर लुकलुकून मादीला बोलावतो, त्यावर फ्लड मारायचा म्हणजे काय? सांगितलं तर म्हणाला, "बाकीच्या लोकांना अंधाराची भीती वाटते, मॅडम." बुकिंगच्या आधी फोनवर विचारा, रात्री आठनंतर फ्लड बंद करता का. उत्तर गोलमाल आलं तर दुसरीकडे जा. झाडांजवळ गाडी नेऊच नका. चालत जा, टॉर्चला लाल जिलेटिन लावा आणि झोत पायाशी ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, एका मोबाइल फ्लॅशने ती सगळी वाया जातात. नीट अंधार मिळाला तेव्हा सादड्याचं एक अख्खं झाड एका तालात लुकलुकताना बघितलं. ते बघून शिव्या द्यायच्या राहून गेल्या.

जेवताना पांढरा दिवा डोक्यावर टांगू नका. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात आणि सगळी फौज दिव्यावर येते. आमच्या आमटीवर पंखांचा थर जमला होता. मग पांढरा दिवा पंचवीस-तीस फुटांवर एका दगडावर ठेवला आणि ताटांपाशी मंद पिवळा. किडे तिकडे गेले.

विजेचा भरवसा ठेवू नका, वळवाच्या वाऱ्यात तिकडची लाइन जाते ती जातेच. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे कागदावर ३७ वॉट-तास, हातात येतात पंचवीसेक. ५ वॉटचा यूएसबी बल्ब पाच तास, संपलं. हेडलॅम्प ३०० लुमेनचा पुरे, रात्रभर लागतो तो त्यातल्या वीस-तीसवरच. १००० लुमेनवाला घेऊन मिरवायचं असेल तर मिरवा.

आणि मुंबईहून घोटी-बारीवरून या की पुण्याहून संगमनेर-अकोले मार्गे, शेंडीला चारनंतर पोचलात तर देऊळ दुसऱ्या दिवशी बघा. मुक्काम पांजऱ्याला असेल तर मुरशेतवरून सरळ जा. साम्रद-घाटघर अंधारात करू नका, गाडीवर कितीही दिवे लावलेले असोत.