आमची वाटचाल: मचूळ पाण्यावरची रोपवाटिका

वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात आमची रोपवाटिका आहे. शेडनेट आणि ट्रे पैसे टाकले की येतात. पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती याचं माप) मोजल्याशिवाय बी टोकायचं नाही, ही शिस्त यायला वेळ लागला.

सुरुवात टोमॅटो-मिरचीनं झाली. ही बियाणी अंधारात उगवतात. ट्रेची थप्पी लावून वर प्लास्टिकचा कागद झाकला, की टोमॅटोचा कोंब तीन-चार दिवसांत दिसतो, मिरचीला आठवडा लागतो. थप्पी सोडायला एक दिवस उशीर झाला तरी रोप सुतासारखं लांबतं.

ट्रेत भरायच्या कोकोपीटमधलं (नारळाच्या काथ्याचा भुसा) सोडियम नुसत्या पाण्यानं पुरतं सुटत नाही. ५ किलोच्या विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून देतो आणि २४ तास मुरवतो. कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. मग निथळणाऱ्या पाण्याचा ईसी ०.५ च्या खाली येईपर्यंत धुणं.

खरी कसोटी लेट्यूस आणि सेलरीची. त्यांच्या बियांना उजेड लागतो, म्हणून बी वरच ठेवून व्हर्मिक्युलाइटचा (फुलवलेलं हलकं खनिज) नुसता हात फिरवायचा. पण थोडंथोडं पाणी देत राहिलं की ते वाफ होऊन जातं आणि क्षार वरच साठतो, नेमका बियाशेजारी. कडेला पांढरी साय धरली की समजायचं. म्हणून या ट्रेंना साठवलेलं पावसाचं पाणीच, तेही बारीक फवाऱ्यानं. बी भिजल्यावरच त्याला उजेड कळतो. कोरड्या बियाला दाखवून उपयोग नाही. ट्रे आंब्याखालीही ठेवू नयेत. पानं तांबडा प्रकाश शोषतात आणि पलीकडचा अतितांबडा खाली सोडतात. लेट्यूसचं बी त्यानं दबून राहतं. तांबडा प्रकाश बी उगवू देतो, अतितांबडा रोखतो, हे अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये लेट्यूसवरच दाखवलं. उन्हाळ्यात पारा तिशीपुढे गेला तर उजेड असूनही ते उगवत नाही, तेव्हा थंड खोली हवी.

नांगे पडले, म्हणजे ट्रेत बी न उगवता जागा रिकाम्या राहिल्या, की शेतकरी आधी बियाण्याला दोष देतो. आम्ही न उगवलेलं बी चिमटीत दाबून बघतो. मऊ, पिचपिचीत निघालं तर कुजलंय. टणक असेल तर गोड्या पाण्यात धुऊन ओल्या टिपकागदावर ठेवायचं, लेट्यूसचं असेल तर उजेडात. बरेचदा मोड येतो. म्हणजे क्षारानं पाणी आत शिरू दिलं नव्हतं. मग बियाण्याचं पाकीट बाजूला ठेवून विहिरीचं पाणी मीटरला लावायचं.