उंदराच्या रक्तात बीटा उपएकक मोजताना: माझा अनुभव

पीसीआर म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढून तो मोजणं, आणि कुठला तुकडा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे म्हणजे प्रायमर. ‘तपासलेले’ म्हणून विकलेल्या अशा प्रायमरवर माझे तीन आठवडे गेले, त्याचा राग अजून गेलेला नाही. मोजायचा होता सीएसएफ२आरबी या जनुकाचा आरएनए. हे जनुक म्हणजे आयएल-३, आयएल-५ आणि जीएम-सीएसएफ (पेशींना संदेश देणारी तीन प्रथिनं) या तिन्हींच्या रिसेप्टरमधलं, म्हणजे संदेश पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनातलं, सामाईक बीटा उपएकक. माणसात हे जनुक एकच. उंदरात मात्र १५व्या गुणसूत्रावर त्याच्या शेजारीच सीएसएफ२आरबी२ आहे, आणि ते फक्त आयएल-३ साठी काम करतं. दोन्ही प्रथिनांत सुमारे ९१ टक्के साम्य.

विक्रेत्याकडे पुरावा काय, तर मेल्ट कर्व्हमध्ये (तापवताना डीएनएचे धागे कुठे सुटतात त्याचा आलेख) एकच शिखर. अहो, दोन्ही जनुकांचे तुकडे सारख्याच लांबीचे आणि जवळपास सारख्याच क्रमाचे. शिखर एकच येणार. जेलवरही पट्टी एकच. तुकडा सँगर सिक्वेन्सिंगला (डीएनएतल्या बेसचा, म्हणजे ए, टी, जी, सी या अक्षरांचा, क्रम रंगीत शिखरांत वाचणं) दिला तेव्हा घोळ उघड झाला: जिथे ही जनुकं वेगळी आहेत नेमकं तिथेच हिरवं ए आणि काळं जी एकावर एक चढलेलं. मी दोघांची बेरीज मोजत होतो.

मग प्रायमर स्वतः आखले. दोन्ही जनुकांचे सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) शेजारी मांडा आणि फरकाची जागा प्रायमरच्या ३ प्राइम टोकाला, म्हणजे जिथून प्रत पुढे वाढते तिथे, आणा, शक्यतो शेवटच्या दोन बेसवर. जी-टी अशी विजोड जोडी टाळा, ती एन्झाइम सहज खपवून घेतं. प्रूफरीडिंग करणारं पॉलिमरेज (प्रती काढणारं एन्झाइम) अजिबात नको. ते टोकाचा चुकीचा बेस कुरतडून दुरुस्त करतं आणि सगळा वेगळेपणा पुसला जातो. अ‍ॅनिलिंगचा (प्रायमर चिकटण्याच्या तापमानाचा) ग्रेडियंट ५८ ते ६४ अंशांवर लावा. खरी परीक्षा उलट साच्याची: दोन्ही जनुकांचे प्लाझमिड (ते जनुक घातलेलं डीएनएचं वर्तुळ) सारख्या प्रतींत घ्या आणि प्रत्येक जोडी दोन्हींवर चालवा. परक्या साच्यावर सीटी (कितव्या चक्रात संकेत दिसतो तो आकडा) किमान १० चक्रं उशिरा यायलाच हवी, म्हणजे साधारण हजारपट फरक. यापेक्षा कमी असेल तर ती जोडी टाकून द्या.

बाकीचं सोपं गेलं. १५० मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी जेमतेम दहा लाख, त्यातही बहुतेक लिम्फोसाइट. म्हणून मायलॉइड पेशी (न्यूट्रोफिल, मोनोसाइट वगैरे) वेगळ्या न करता काढलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही. तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडनं फोडा, नाहीतर रेटिक्युलोसाइटमधला (कोवळ्या तांबड्या पेशींतला) ग्लोबिनचा आरएनए सगळं व्यापतो. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: रक्त ईडीटीएमध्येच घ्या, हेपॅरिन पीसीआर दाबतं. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी प्रत्येक नमुन्यासोबत ठेवाच.

आरएनए-सेक (नमुन्यातला सगळा आरएनए छोट्या तुकड्यांत वाचणं, असा प्रत्येक तुकडा म्हणजे रीड) करणाऱ्यांनाही हीच अडचण येते. दोन्ही जनुकांवर बसणारे रीड फेकून दिले की दोघांचेही आकडे खोटे कमी दिसतात.

उंदीर ए/जे जातीचे असतील तर आयएल-३ च्या अल्फा उपएककाकडेही बघा. त्यांच्या त्या जनुकाच्या एका इन्ट्रॉनमध्ये (आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) छोटी तूट आहे, त्यामुळे ही कापणी-जोडणी म्हणजे स्प्लायसिंग होताना एक एक्सॉन (आरएनएत राहायला हवा तो भाग) गळतो. प्रायमर त्या एक्सॉनबाहेर बसले तर आरएनए व्यवस्थित दिसेल, पण पेशी आयएल-३ ला नीट प्रतिसाद देणार नाहीत.